शांत वाट क्रमांक चार

टवलारे सरांनी सायकल कडुनिंबाला टेकवली, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि वहीत लिहिलं : 'कि.मी. तेवीस. बोरखडी. रस्ता बरा. सावली आहे. शांतता दहापैकी नऊ.'

"नऊच?" मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले सत्तारभाई म्हणाले. "एक मार्क कायचा कापला?"

"तो होला घुमतोय ना मघापासून."

"पेपर तपासायची सवय जात नाही तुमची." सत्तारभाईंनी टायरमधून बाभळीचा काटा उपटला आणि उपटलेली दाढ पाहावी तसा उन्हात धरून पाहिला. "सर, बोलू का? हे शांतता नोहे. हा सन्नाटा हाय."

सन्नाट्याचा रकाना वहीत नव्हता. रकाने सरांनी स्वतः आखले होते. त्यांच्या सायकल मंडळाचे अध्यक्ष, पेशानं डॉक्टर, मागल्या उन्हाळ्यात फ्रान्सला जाऊन आले आणि येताना एक रंगीत पुस्तक घेऊन आले. उत्तर फ्रान्समधल्या खेड्यांतून आणि रानांतून जाणाऱ्या शांत सायकल-वाटांचं. पानोपानी रिकामे रस्ते, बंद खिडक्या, झाडं, आणि माणूस एकही नाही. सगळी बैठक ते पुस्तक हातोहात बघत राहिली. शेवटी कोणीतरी म्हणालं, आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? माणूस दिसत नाही अशी गावं आपल्याकडेही आहेत. ठराव एकमतानं मंजूर झाला. भूगोलाचे प्राध्यापक म्हणून टवलारे सरांकडे वही आली, आणि पंक्चर काढायला माणूस हवा म्हणून वलगाव रोडवरचं सायकलचं दुकान एक दिवस बंद ठेवून सत्तारभाई आले. सन दोन हजार सहाचा फेब्रुवारी होता. नांदगाव पेठेहून निघून कौंडण्यपूरला नदीवर पोचणारी ही चौथी वाट.

वाट देखणी होती, यात वाद नाही. दुतर्फा पळस पेटलेले, मधूनच खैराचं रान, काळ्या रानात उभ्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. बोरखडीत शिरल्यावर तर पुस्तकातलं पानच उघडल्यासारखं झालं. निम्म्या दारांना कुलपं. दारोदार बैलांचे खुंटे होते, बैल नव्हते. गावचा पार रिकामा.

"बादलीभर पानी लागंल," सत्तारभाई म्हणाले. "ट्यूब बुडवून पाहा लागते."

समोरच्या घराकडे सर वळले. हाक मारायची वेळच आली नाही. दार आपोआप उघडलं. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी, पुस्तकाच्या पानात बोट अडकवलेली, दुसऱ्या हातानं प्लास्टिकची खुर्ची ओढत ओट्यावर आली. ओढणीनं तिनं खुर्ची पुसली. आत गेली, हार घातलेला एक फोटो घेऊन आली, तो भिंतीला टेकवून उभा केला. मग कागदांची पिशवी. मग एका म्हाताऱ्याला धरून आणलं, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि खुर्चीसमोर बसवलं. दुसऱ्या घरी पाहुणा आला की चहाचं आधण ठेवतात, तितक्या सवयीनं हे सगळं झालं.

"अहो, आम्ही फक्त पाण्यासाठी..." सर म्हणाले.

म्हाताऱ्यानं हात जोडले.

घरातून एक बाई बादली घेऊन थेट कडुनिंबाखाली आली. बादली ठेवता ठेवता, ओट्याकडे पाठ करून, हळू आवाजात बोलली.

"मले मालूम हाय जी, तुमी थे चौकशीवाले नोहे. थे लोक सायकलीनं येत नाहीत. पन मामाजीले वाटलं, आले. तुमचे टोपे पाहून."

"मग सांगतो ना मी त्यांना."

"नोका सांगू." तिनं पदर ओढून घेतला. "दुपारून खरे येनार हायेत. जीप घेऊन. तिसरा डाव हाय. आता यापुढं येनार नाहीत म्हने."

तिचं नाव पंचफुला. फोटोतला श्रावण तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी गेला, कसा ते त्या वर्षांत कोणी विचारत नसे. शेत सासऱ्याच्या, मोतीरामच्या नावावर. तेव्हा श्रावण हा शेतकरी होता की नाही, असा प्रश्न सरकारला पडला. सातबाऱ्यावर नाव नाही म्हटल्यावर तो शेतकरी होता हे बापानं तोंडानं सांगायचं, साहेबानं लिहून घ्यायचं, आणि मग घराला मदत. साधी गोष्ट होती.

"घरी इचारलं का बराबर सांगतात. पँटवाला समोर बसला का जीभ पलटते," पंचफुला म्हणाली. "शेती कोन करे, म्हनलं का छाती काढून सांगतात, मी. दोन डाव तेच झालं. माही प्राजक्ता धाव्वीत हाय. मदत भेटली त अमरावतीले होस्टेलात टाकतो तिले. नाही त दीर म्हनते, वैशाखात उजवून टाकू."

सर ओट्याकडे बघत राहिले.

"तुमी एक डाव इचारून पाहा, सायबावानी. जीभ वळली म्हंजे वळली."

"मी? हे बरोबर नाही हो."

"इचारा ना सर," सत्तारभाई ट्यूब पाण्यात दाबत म्हणाले. "दरसाल दोनशे पोरांले इचारता. अथी एकच बुढा हाय."

सर जाऊन खुर्चीवर बसले. वही मांडीवर घेतली. तोंडी परीक्षेला घसा खाकरायचे तसा खाकरला.

"नाव?"

"मोतीराम."

"श्रावण तुमचा कोण?"

"पोरगा."

"शेती कोण करायचं, बाबा?"

म्हातारा ताठ झाला. छाती पुढं आली, ओठ उघडले. पंचफुला दाराआड होती, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मोतीरामनं सरांकडे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे. रस्त्यावर कोणी नव्हतं. होलाही उडून गेला होता.

"श्रावण करे," तो म्हणाला.

सरांनी मान हलवली, उठायला लागले.

"लिवा," म्हातारा म्हणाला. "उठता काहून? लिवा ना."

सर बसले. रकान्यांवरूनच लिहायला लागले. म्हातारा सावकाश सांगत होता, वजन डोक्यावरून उतरवताना माणूस बोलतो तसा, दम घेत. संपल्यावर त्यानं पुन्हा वाचून दाखवायला लावलं. मग डावा हात पुढं केला. सरांना कळेना. शेवटी त्यानंच पेनाकडे बोट दाखवलं. सरांनी बॉलपेन त्याच्या अंगठ्यावर गिरवून गिरवून निळा केला आणि म्हाताऱ्यानं तो पानावर दाबला, जोरात, पान फाटेल इतका.

"झालं," तो म्हणाला आणि भिंतीला टेकला. "आता मले कोनी काही इचारू नोका."

निघताना पंचफुलानं दोघांना चहा दिला. ती हसली नाही, पण साखर भरपूर टाकली होती.

गाव मागं पडलं, खैराचं रान लागलं, आणि वळणावर जीप आली. सायकली रस्त्याखाली उतरवून दोघं पळसाखाली उभे राहिले. जीप बोरखडीकडे गेली, धुरळा खाली बसला.

"सर," सत्तारभाई म्हणाले, "पंप राहिला तिच्या ओट्यावर."

"अरेरे," सर म्हणाले. सायकल त्यांनी आधीच वळवली होती.

बोरखडी ओळखू येईना. कुलपं होती तशीच होती, पण जीपला माणसं उगवतात. ओट्यापुढं चाळीसेक जण उभे. साहेब तरुण होता, सभ्य होता आणि दमलेला होता. सरांच्याच खुर्चीवर बसला होता.

"बाबा, पुन्हा विचारतो. तुमच्या घरची शेती कोण करायचं?"

"सांगतलं," मोतीराम म्हणाला.

"कोणाला?"

म्हाताऱ्याची नजर गर्दीवरून फिरली आणि कुंपणाशी सायकल धरून उभ्या टवलारे सरांवर थांबली. "त्याले. लिवून नेलं त्यानं."

चाळीस माना वळल्या. साहेबानं हात पुढं केला. सरांनी पान फाडून दिलं. साहेबानं ते उभं-आडवं पाहिलं.

"'सावली आहे. शांतता दहापैकी नऊ.' हे काय आहे?"

"त्याच्या खाली," सर म्हणाले.

साहेब मोठ्यानं वाचू लागला. वाईट हेतू नव्हता. सगळ्यांसमोर वाचलं तर नंतर कोणी नाही म्हणत नाही, असा त्याचा अनुभव होता.

"'शेती श्रावण करे. सात वर्सं तोच. मी नुसता धुऱ्यावर बसून शिव्या देओ. कपाशी चांगली झाली का गावाले सांगो, मी केली. बुडाली का सांगो, त्यानं बुडवली. त्याले कोनी शेतकरी म्हनलं नाही, कारन म्या म्हनू देल्लं नाही.'"

मग मागून एक म्हातारा आवाज आला, मोतीरामच्याच वयाचा, शेजारच्या धुऱ्याचा, बांधाला बांध लागलेल्या माणसाचा.

"मंग मोतीराम, पोयाच्या सनाले बैलाम्होरं छाती काढून कोन चाले गा?"

दोन-तीन जण हसले. फार नाही.

"बाबा," साहेब म्हणाला, "हे तुमचंच आहे ना? एवढं हो म्हणा, बस. हा अंगठा तुमचा?"

मोतीरामनं टोपी नीट केली. ताठ झाला.

"माहा नोहे."

"अंगठा?"

"अंगठा नोहे, बोलनं नोहे. शेती म्या केली. कोनाले बी इचारा."

त्याचा डावा हात मांडीवर होता. चारही बोटं अंगठ्यावर घट्ट मिटलेली. सरांनी पाहिली ती मूठ. कॉपी करणाऱ्या पोरांच्या अशा मुठी त्यांनी वीस वर्षं उघडल्या होत्या, कधी दुसरा विचार केला नव्हता. पंचफुला दारात होती. तिनंही पाहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, त्याखालून ती आधी त्या मुठीकडे, मग सरांकडे बघत होती.

सरांनी तोंड उघडलं. चाळीस माणसं म्हाताऱ्याकडे बघत होती. त्यांनी ते मिटलं.

पंचफुलानं नजर खाली घेतली.

साहेबानं थोडी वाट पाहिली, पान सरांना परत दिलं आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. फार लिहावं लागलं नाही. जीप गेली, तिच्यामागं माणसंही जिथून आली तिथं गेली. होला परत येऊन घुमायला लागला.

सत्तारभाईंनी पंप उचलून सायकलला बांधला. बांधून झाला तरी ते दोरीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिले. प्राजक्तानं फोटो आत नेला, मग कागदांची पिशवी, मग खुर्ची. तिचं पुस्तक ओट्यावरच पालथं पडलं होतं.

पंचफुला तांब्या आणि चिमूटभर राख घेऊन बाहेर आली. सासऱ्यापुढं बसली.

"आना तो हात, मामाजी."

म्हाताऱ्यानं हात दिला नाही. तिनं तो घेतला. एकेक बोट उचलून मूठ सोडवली, अंगठ्यावर पाणी ओतलं आणि राखेनं घासायला लागली. बॉलपेनची शाई अशी लवकर जात नाही. रेषांमध्ये बसते.

"श्रावणचं वखर वाकडं जाय," मोतीराम रस्त्याकडे बघत म्हणाला.

"हाव," पंचफुला म्हणाली, आणि घासत राहिली.