डिनी ब्रॉफीच्या तळहातावरचे गांडूळ

सातव्या मुलाच्या सातव्या मुलाच्या हाताला गुण असतो, आणि आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत हे आजवर कोणी खोटे ठरवलेले नाही. एक तर सात-सात मुलगे आता कोणाला होत नाहीत. आणि स्वतःला असा सातवा म्हणवणाऱ्या डिनी ब्रॉफीला एकूण दोनच भाऊ आहेत, हे शोधून काढायला जत्रेत कोणाला सवड नव्हती.

सप्टेंबर २०२१. किलकेनीच्या रस्त्यालगतच्या माळावर घोड्यांची जत्रा भरली होती. मागच्या वर्षी करोनाने बुडवल्यामुळे यंदा गर्दी दुप्पट. सौदा ठरला की दोघांनी आपापल्या तळहातावर थुंकायचे आणि टाळी देऊन तो पक्का करायचा, ही तिथली जुनी रीत. यंदा थुंकायला बंदी होती. म्हणून खांबाखांबाला सॅनिटायझरच्या बाटल्या टांगल्या होत्या, आणि माणसे थुंकीऐवजी ते हातावर घेऊन टाळ्या देत होती. परंपरा अशीच टिकते.

डिनी तट्टू विकायचा आणि फावल्या वेळात रोग बरे करायचा. त्याच्याभोवती दोनशे माणसे जमली होती. अगदी पुढे उभा होता हृषीकेश. त्याच्या मानेवरचा काळा तीळ तीन महिन्यांत तुरीच्या डाळीएवढ्याचा शेंगदाण्याएवढा झाला होता. गुरुवारी पोर्टलीशच्या हॉस्पिटलात त्याचा तुकडा काढून तपासणार होते. त्याआधी "एकदा दाखवून तर बघ" म्हणून त्याचा मित्र गुरुनाथ त्याला इथे घेऊन आला होता. हृषीकेशची बायको रेवती मागे उभी होती.

"मी काही डॉक्टर नाही हो!" डिनी ओरडला. "डॉक्टर कापतो, मी नुसता हात लावतो. देतो तो वरचा, मी कोण? पण खात्री नको? करून घ्या खात्री! आणि आधी तुमची सुरक्षितता!"

त्याने तळहाताचा खळगा भरून सॅनिटायझर घेतले, लोकांना दाखवत चोळले आणि डब्यातले जिवंत गांडूळ त्या ओल्या हातावर ठेवले. गांडूळ पिळवटले, उसळले, वेटोळे झाले आणि निपचित पडले. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. ज्याच्या हातात गांडूळ मरते त्याच्या हातात गुण, ही तिथली पक्की कसोटी.

"हा किडा टिकला नाही, मग रोगाचा काय टिकणार?" म्हणत डिनीने तोच हात हृषीकेशच्या मानेवर ठेवला. पथ्ये तीन: नऊ दिवस शरीराला लोखंड, म्हणजे सुरी-सुई, लावायचे नाही, नवव्या दिवशी पुन्हा हात लावून घ्यायचा, आणि आभार मानायचे नाहीत, मानले की गुण गेला. पैसे घेत नाही. तिसरे पथ्य तिघांनाही जड गेले नाही. तिघेही पुण्याचे.

"गुरुवारचं कॅन्सल करतोय," हृषीकेश गाडीत म्हणाला. "ईमेल केला आत्ताच."

"हृषी, तू एमटेक आहेस," रेवती म्हणाली.

"म्हणूनच ना! डोळ्यांसमोर मेलं ते. याहून काय डेटा पाहिजे?"

"वहिनी, तो डिनी एक पैसा घेत नाही," मागून गुरुनाथ म्हणाला. "खोटं बोलून त्याला मिळणार काय?"

"गर्दी. सहाच्या सहा तट्टं खपली त्याची दुपारपर्यंत."

रेवती लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात बिघाड शोधायच्या कामावर होती. चिप बिघडली की तिथे चिपला कोणी दोष देत नाही. हाताला काय लागले होते, ते आधी बघतात. दुसऱ्या दिवशी तिने वाफ्यातून दोन गांडुळे उकरली आणि दोघा मित्रांना ओट्यापाशी उभे केले. पाण्याने धुतलेल्या हातावर पहिले निवांत सरपटले. मग तिने हातावर सॅनिटायझर ओतले. दुसरे तसेच पिळवटून मेले, जत्रेतल्यासारखे.

गुरुनाथचे डोळे विस्फारले. "वहिनी, तुमच्याही हातात आहे की!"

हृषीकेशने मेलेले गांडूळ कागदावर उचलून कचऱ्यात टाकले. "नवव्या दिवशी जाऊ तर खरं," एवढेच म्हणाला.

नवव्या दिवशी डिनीच्या तबेल्यापुढे वीसेक माणसांची रांग होती. रेवतीने पाण्याचा तांब्या आणि टॉवेल पुढे केला. "आज पाण्याने धुवा."

"ग्रँड, ग्रँड, चालेल की. पण बाई, करोनाचे नियम..."

"अरे धू की, डिनी," रांगेतली म्हातारी म्हणाली. "पाणीच आहे, विष नव्हे."

डिनीने हात धुतले. गांडूळ तळहातावरून चालत निघाले, मनगटावर चढले आणि बाहीत शिरले.

"गांडूळ प्रोटेस्टंट असेल, आपल्या कॅथलिकांचं ऐकत नाही," मागून कोणी तरी म्हणाले. कोणी हसले नाही.

डिनीने बाही झटकली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाप माझा हाताला मीठ लावायचा. मिठाचे खडे लोकांना दिसतात हो. हे सॅनिटायझर आलं तेव्हापासून बरं पडतं."

हे हृषीकेशने ऐकले. मान हाताने झाकून तो गाडीकडे चालू लागला. आभार त्याने मानले नाहीत. रांगेतली चार माणसे त्याच्यामागून निघाली. सोळा तशीच उभी राहिली.

सोडलेल्या तारखेच्या बदल्यात नवी तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. वेळ सोडणारा रांगेच्या शेवटी जातो, त्यात कोणाचा दोष नाही. तपासणीत मेलानोमा निघाला, त्वचेचा कॅन्सर. मानेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. "आधी आलो असतो तर?" रेवतीने विचारले. "ते आता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

चमत्कार दिसला की टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण त्याआधी साध्या पाण्याने हात धुवायला सांगा आणि तोच प्रयोग पुन्हा करायला लावा. आणि प्रयोग होईपर्यंत डॉक्टरांची तारीख मोडू नका. फुकट मिळते म्हणून ते खरे असते, असे नाही. शिकलेल्या माणसांनी तर हे स्वतःला दोनदा बजावावे.

माळावरच्या खांबांना त्या बाटल्या अजून टांगलेल्या आहेत. प्रत्येकीवर ठळक छापले आहे: सत्तर टक्के अल्कोहोल.