उणे भावाचा सोमवार

वोबेचे डोळे तेवढे उरले होते. शिडी खांद्यावर टाकून आमच्या फ्रिसलंड प्रांतातल्या अर्ध्या छपरांवर सोलर पॅनेल चढवणारा माझा नवरा आजाराने एकेक स्नायू करत नेला होता. गळ्यात भोक पाडून नळी बसवलेली, आणि पलंगाशेजारचं व्हेंटिलेटर त्याच्या वाट्याचा श्वास घेत होतं. पण डोळे शाबूत होते. डोळ्यांपुढे एक पडदा टांगलेला असायचा. अक्षरावर नजर रोखली की ते उमटायचं, आणि वाक्य झालं की यंत्र ते बोलून दाखवायचं, बँकेतल्या एखाद्या शांत बाईच्या आवाजात.

त्या पडद्यावरून तो आमच्या घरची वीज सांभाळायचा. हे काम त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं. आमच्याकडे विजेचा भाव दिवसभर वरखाली होतो, आणि उद्याचा भाव आदल्या दिवशीच कळतो. सकाळ-संध्याकाळ चढा, दुपारी सगळ्यांच्या छपरांवर ऊन पडलं की उतरलेला. त्यातून सुट्टी असली, कारखाने बंद असले आणि वाराही सुटलेला असला, की वीज कोणाला नकोच असते. मग भाव शून्याच्याही खाली जातो. वापराल तर वर पैसे मिळतात, आणि आपली वीज तारेत ढकलाल तर उलट दंड बसतो. अशा दिवशी वोबे पॅनेल बंद करून ठेवायचा आणि बाहेरच्या विजेने तळघरातली बॅटरी भरायचा. भरायची तर आधी ती रिकामी हवी, म्हणून सकाळच्या चढ्या भावात तो तिच्यातली सगळी वीज विकून टाकायचा.

पिंक्स्टरच्या सोमवारी, त्या मे महिन्यातल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळची नर्स त्याला पुसून, कूस बदलून गेली. दुपारची उशिरा येणार होती. मी कॉफी घेऊन पलंगाशी बसले.

"रेनाऊ, आज मेजवानी," यंत्र म्हणालं.

"कसली?"

"दुपारी भाव खड्ड्यात. बॅटरी रिकामी केली."

"किती रिकामी?"

"चाटूनपुसून. गरम पाण्याची टाकी, धुण्याचं यंत्र, सगळ्यांना दुपारपर्यंत उपाशी ठेवलंय."

"मलाही उपाशी ठेवणार का?"

"तू साखरपाव खाल्लास. चावताना ऐकलं."

मी हसले. तोही हसला असावा. त्याचं हसू डोळ्यांच्या कडांना येई, ओळखायला सवय लागे.

दुपारी तळघरातून बॅटरीची घरघर सुरू झाली. वोबेने पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं, जत्रेत बैल जिंकलेल्या माणसासारखं. आणि एकदम घरघर थांबली. फ्रीज थांबला. स्वयंपाकघरातला रेडिओ बोलता बोलता गप्प झाला.

व्हेंटिलेटरने एक शिट्टी मारली आणि ते स्वतःच्या पोटातल्या बॅटरीवर चालू लागलं. मी घाबरले नाही. वीज अशी आधीही गेली होती. तेव्हा तळघरातली मोठी बॅटरी डोळ्याचं पातं लवायच्या आत घर उचलून धरायची. मग आठवलं, ती चाटूनपुसून रिकामी होती. आत्ता कुठे भरायला लागली होती. बाहेर छपरावर ऊन नुसतं ओतत होतं, पण पॅनेल चालू व्हायलाही आधी थोडी वीज लागते, आणि ती घरात कुठेच नव्हती.

तरीही मनाशी म्हटलं, यंत्राच्या पोटातली बॅटरी आहे, ती पुरेल. मी तिच्या खुणेकडे पाहिलं. खूण हिरवी होती ती पिवळी झाली. मी पाहत असतानाच लाल झाली. बॅटरी म्हातारी झाली होती आणि आम्हा कोणालाच ते माहीत नव्हतं.

जास्तीचं व्हेंटिलेटर चाकाच्या खुर्चीला बांधलेलं असे. मी धावत जाऊन त्याचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वायर हाताने चाचपत भिंतीपर्यंत गेले, तर तिथे वोबेच्या त्या पांढऱ्या प्लगांपैकी एक. पडद्यावरून हुकूम आल्याशिवाय वीज न सोडणारा. यंत्र स्वस्त भावाची वाट पाहत उपाशी बसलं होतं, त्याची बॅटरी पार उतरलेली.

मी वळून वोबेकडे पाहिलं. तो प्लगाकडेच पाहत होता. नर्सने खुर्ची कधीतरी त्या कोपऱ्यात सरकवली होती, आणि कोपऱ्यातला प्लग त्याच्या उपाशी ठेवायच्या यादीत होता. माझ्या आधी त्याला कळलं होतं.

"पिशवी," स्वतःच्या बॅटरीवर चाललेल्या पडद्यातून बँकेतली बाई शांतपणे म्हणाली. "आता."

व्हेंटिलेटर किंचाळायला लागलं. मी कपाटातून अंबूची पिशवी, हाताने दाबून श्वास द्यायची ती रबरी पिशवी, ओढली, नळीला जोडली आणि दाबली. छाती वर आली. सोडली, खाली गेली. दाब, सोड. यंत्राचं किंचाळणं बारीक होत होत थांबलं, आणि खोलीत पिशवीच्या फुसफुशीशिवाय आवाज राहिला नाही.

ॲप्रनच्या खिशातून डाव्या हाताने फोन काढला आणि मदतीचा नंबर लावला. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, "बाई, दाबत राहा, थांबू नका. ॲम्ब्युलन्स निघाली." मग कोणाशी तरी बोलून परत आला. त्याचा आवाज बदलला होता. "तुमच्या कालव्यावरचा पूल वर अडकलाय. होड्यांसाठी उचलला आणि वीज गेली. लांबून यावं लागेल."

"किती लांबून?"

"दाबत राहा," तो म्हणाला.

हिवाळ्यात बर्फावर सायकल घसरून माझं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं होतं, जोर आला नव्हता. थोड्याच वेळात त्यातून कळ निघून कोपरापर्यंत जायला लागली. डाव्या हाताने दाबून पाहिलं तर पिशवी नीट दबेना, छाती अर्धीच वर यायची. पुन्हा उजवा. पिशवी मांडीवर ठेवून वरून दाबली. मी मोठ्याने मोजत होते आणि मोजता मोजता आकडे चुकत होते. एकच विचार डोक्यात घण घालत होता, माझा हात थांबला की तो थांबला.

शेजारच्या ड्यूकेला फोन लावला. वाजत राहिला. गावातले बाकीचे सगळे सुट्टीचे होड्या घेऊन पाण्यावर गेलेले. ड्यूके घरी होती, हे मला कुंपणापलीकडून ऐकू येत होतं. सत्तरी ओलांडलेली ती विधवा बाई नवऱ्याचं जुनं पेट्रोलचं यंत्र घेऊन गवत कापत होती. मी खिडकीकडे तोंड करून ओरडले. "ड्यूके! ड्यूके!" त्या भडभडाटात माझा आवाज कुठे जाणार?

"गाडी," यंत्र म्हणालं.

आधी कळलंच नाही. मग कळलं. ड्यूकेची विजेची गाडी वोबेनेच निवडून दिली होती, आणि त्या गाडीला घरासारखं सॉकेट होतं. पावसाळी जत्रेत ड्यूके त्यावर वाफल भाजायची.

"ती फोन उचलत नाही रे!"

डोळे पडद्यावर फिरायला लागले. एकेक अक्षर. मला वाटलं आता वेडच लागेल.

"जा."

"नाही."

"हात थरथरतोय."

"गप्प बस. मी दाबतेय ना?"

"छाती अर्धीच हलते. मला कळतं. जा."

"तू मरशील, वोबे!"

"असाही," यंत्र त्याच आवाजात म्हणालं. आणि मग, "मोठे श्वास दे. मग पळ."

मी दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून त्याला मोठे श्वास दिले. मनगटात काहीतरी करकरलं. त्याने डोळे मिटून उघडले, म्हणजे पुरे. मी पिशवी सोडली.

हात सोडला तो क्षण मला अजून स्वप्नात येतो. धावल्याचं स्वप्न नाही पडत, सोडल्याचं पडतं.

मागच्या दाराने पळाले. एक सपात पायरीवर राहिली. फाटकाची कडी वर उचलून मग ओढायची असते हे वीस वर्षं माहीत असून मी ती नुसती ओढत राहिले. ड्यूके पाठमोरी होती. मी तिच्या खांद्याला हिसका दिला तशी ती दचकून माझ्यावर यंत्रच उगारायला निघाली.

"वोबे! वीज गेलीय, त्याचं यंत्र बंद पडलंय, तुमची गाडी आणा!"

"अगं, मग त्याच्यापाशी कोण आहे?"

"कोणी नाही!"

"आणि तू इथे काय उभी आहेस, बये? पळ! गाडी मी आणते!"

मी परत पळाले. खोलीत शिरले तेव्हा वोबेचा चेहरा मेणासारखा झाला होता, ओठ जांभळे. डोळे अर्धवट उघडे, पण ते कुठेच पाहत नव्हते. पडद्यावर एकच अक्षर ओळीने उमटत चाललं होतं, न न न न न, कारण नजर तिथेच पडून राहिली होती.

पिशवी दाबली. छाती वर आली. मी त्याला शिव्या दिल्या. लग्नानंतर कधी दिल्या नव्हत्या तसल्या. दाब, सोड. त्याच्या आईचं नाव घेतलं, देवाचं घेतलं. ओठांचा रंग परतला, पण डोळे परतेनात. माझ्या मनात आलं, शरीर वाचलं आणि आतला वोबे गेला. त्याहून मोठी भीती मला माहीत नाही.

बाहेर काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. ड्यूके रस्त्याने वळसा घालून आली नाही. कुंपण मोडून, आमच्या रूबार्बच्या वाफ्यावरून गाडी थेट खिडकीखाली आणली. खिडकीतून आधी वायर आत पडली, मग तिचं डोकं.

"कुठं खुपसू?"

"त्या यंत्राची वायर, करडी, भिंतीतून काढा आणि—"

"ही?"

"ती दिव्याची! करडी!"

"ओरडू नकोस, चष्मा नाहीये माझा!"

ती खिडकीतून आत चढली, त्या वयात. वायर जोडली. व्हेंटिलेटरचा पडदा उजळला, त्याने दोनदा शिट्टी वाजवली, स्वतःशीच काहीबाही तपासत बसलं आणि मी त्याच्यावरही खेकसले. मग त्याने पहिला श्वास ओढला. मी पिशवी काढून नळी जोडली आणि तिथेच जमिनीवर बसले.

ड्यूके वोबेवर वाकली. त्याच्या गालावर चापट मारली, हलकेच. "ए विजेच्या दुकानदारा, ऊठ. तुझ्यापायी माझं अर्धं गवत राहिलंय."

वोबेने डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग मला शोधलं.

ॲम्ब्युलन्स आली ती उशिरा, तीन गावांना वळसा घालून. त्यांनी त्याला तपासलं, एक भरलेली बॅटरी ठेवली, माझं मनगट बांधलं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डीपीशी वीज कंपनीचा माणूस भेटला. म्हणाला, भाव तळाला गेला त्याच घटकेला आळीतल्या सगळ्या बॅटऱ्या, गाड्या, गरम पाण्याच्या टाक्या एकदम जाग्या झाल्या आणि डीपीला झेपलं नाही. "सगळ्यांना एकाच वेळी फुकटचं जेवायला बोलावलं तर दार मोडणारच," तो म्हणाला. मला हसू आलं नाही.

दोन दिवस मी वोबेशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हा वीज सांभाळण्याचा खेळ आता बंद. नाहीतर पडदा कालव्यात फेकून देईन."

"मग मी दिवसभर काय करू?" यंत्र म्हणालं.

"जगशील. तेवढं कर."

"तू गेलीस तेव्हा मी भ्यालो," तो म्हणाला. "कबूल. पण हे काढून घेतलंस तर छत बघत पडण्याची भीती रोज वाटेल."

मी खोलीतून निघून गेले. ड्यूकेच्या मोडक्या कुंपणाशी जाऊन रडले. तिने कॉफी दिली आणि म्हणाली, "दोघांचंही खरं आहे, त्याला मी काय करू?"

शेवटी आम्ही असं केलं. व्हेंटिलेटरच्या प्लगांना वोबेच्या पडद्यावरून हात लावता येत नाही, ते सरळ भिंतीत. पोटातली बॅटरी नवी बसवली. तळघरातली बॅटरी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, भाव कितीही चढला तरी. आणि उणे भावाच्या दिवशी त्याने मला विचारल्याशिवाय काही चालू करायचं नाही.

जूनमध्ये एका रविवारी त्याने विचारलं, "घेऊ?"

"नको," मी म्हटलं. त्याने घेतलं नाही. त्या दिवशी त्याने पडदाच बाजूला करायला सांगितला आणि भिंतीकडे पाहत राहिला.

जुलैत पुन्हा तसाच दिवस आला, कडक उन्हाचा, वाऱ्याचा. "घेऊ?" बँकेतल्या बाईने विचारलं.

मी कपाटातून अंबूची पिशवी काढून मांडीवर घेतली, पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "घे."

तळघरात घरघर सुरू झाली. भाव वर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.