भोकं पाडलेला पडदा

अहो, असं नाक मुरडू नका! अंगभर भोकं असली तरी मला उंदरांनी कुरतडलेलं नाही. मी विज्ञानाच्या वर्गातला पडदा बोलतोय, आणि ही भोकं खुद्द बाईंनी पाडलीत.

दुकानात कापडाचा तागा होतो तेव्हा माझा तोरा काय सांगू! जाड, गडद निळा. वाटायचं, एखाद्या बड्या घरच्या दिवाणखान्यात जाईन. नशिबात आली शाळा. पोरांनी मला हात पुसले, नाकं पुसली, मला अंगाभोवती गुंडाळून लपाछपी खेळली. मी मुकाट सोसलं.

मग बाईंनी खिडकीबाहेर दाण्यांची ताटली टांगली. "नुसतं 'चिमणी आली' असं सांगू नका. ती काय करते ते बघा," त्या म्हणायच्या. मुलं बघायला लागली. कोण कोणाला हुसकावतं, कोण खातं कमी नि सांडतं जास्त. "बाई, हा चिमणा अगदी माझ्या काकांसारखा जेवतो!" वर्गातली बडबडी म्हणाली. बाईंनाही हसू आवरेना.

एका जोडीने खिडकीशेजारच्या भिंतीतल्या भोकात घरटं केलं. माझ्या काठाचा सुटलेला दोरासुद्धा चिमणीने ओढून नेला. मी मनातून खूश झालो.

पिल्लं निघाली आणि सगळा वर्ग खिडकीवर तुटून पडला. चिमणी चोचीत अळी धरून यायची, समोरच्या तारेवर बसायची, मान वाकडी करून बघायची आणि उडून जायची.

"आळशी आहे नुसती," एकजण म्हणाला. "ताटलीत एवढे दाणे पडलेत, ते भरवायचे सोडून भटकतेय."

दुपारपर्यंत पिल्लांचा आवाज बसत चालला. माझा जीव खालीवर होत होता. बडबडी मात्र तारेवरच्या चिमणीवरून नजर हलवत नव्हती. एकदम म्हणाली, "बाई, ती पिल्लांना दाणे देतच नाही, अळ्याच आणते. आणि आपण इथे गर्दी करतो म्हणून आत जायला घाबरते. आपल्यामुळे उपाशी आहेत ती!" बोलता बोलता तिला रडूच फुटलं.

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस गं. तू नीट बघितलंस म्हणून तर कळलं." आणि त्यांनी सर्रकन मला ओढून खिडकी झाकली.

"आता बघायचं कसं?" एकच ओरडा झाला. बाईंनी खणातून कात्री काढली. अरे देवा! मी म्हटलं, संपलं आपलं. कच, कच, कच! मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर त्यांनी भोकं पाडली, एकेका डोळ्यापुरती.

ज्यांचं बूड घडीभर बाकावर टेकत नव्हतं, ती पोरं मला डोळे लावून श्वास रोखून उभी राहिली. चिमणी तारेवर आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सुर्रकन घरट्यात शिरली! पिल्लांनी असा काही कलकलाट केला की विचारू नका. वर्गात मात्र हूं नाही की चूं नाही. त्या दिवशी मला बाईंचं कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त त्या पोरांचं.

पुढे पंखात बळ आलं तशी पिल्लं उडून गेली. शेवटचं तेवढं चुकून वर्गात शिरलं आणि फडफडत थेट मलाच बिलगलं. एरवी पोरं किंचाळत धावली असती. पण बडबडीने ओठांवर बोट ठेवलं आणि अख्खा वर्ग पावलापावलाने मागे सरकला. बाहेरून आई चिवचिवत होती. पिल्लाने माझ्या अंगावर दम घेतला आणि उडून तिच्याकडे गेलं. त्याच्या नखाने एक बारीकसं भोक पडलं. माझ्या सगळ्या भोकांत ते मला लाडकं आहे.

आता माझा रंग उडालाय, काठ विरलाय. मुख्याध्यापकांनी नवा पडदा मागवलाय. येऊ दे बापडा. बाई, माझं एवढं ऐका, त्यालाही कात्री लावा. तो कुरकुर करेल, खुशाल करू द्या. एखादं पिल्लू त्याला बिलगलं की होईल गप्प.