एकशे नऊची माणसं

"चला, एकशे नऊ उठवा," हवालदार आनंदराव म्हणाले आणि शिपाई सुखरामने सिमेंटच्या पाइपावर लाठी आपटली.

१९५७ सालचा डिसेंबर होता. नुकतं उजाडलं होतं. भिलाईच्या माळावर नाल्यासाठी आणलेले मोठाले पाइप पडून होते आणि त्यांच्या दोन्ही तोंडांना गोणपाटं लटकत होती. गोणपाटं हलली. आतून बायका, माणसं डोळे चोळत बाहेर येऊ लागली. रशियाच्या मदतीने उभ्या राहत असलेल्या पोलाद कारखान्याच्या भांडारातून तांब्याची तार चोरीला गेली होती आणि वरून हुकूम आला होता: उघड्यावर झोपणारा एकूण एक माणूस उचला, दुर्गच्या कोर्टात उभा करा.

चौकीत अशा माणसांना कुणी बेघर म्हणत नसे, भटके म्हणत नसे. एकशे नऊ. "आज किती एकशे नऊ?" "स्टेशनवर दोन एकशे नऊ आहेत." हा आकडा आला कुठून, हे नव्या शिपायांना ठाऊक नसायचं. सुखरामला वाटायचं, असा पकडलेला पहिला माणूस त्या वर्षीचा एकशे नववा असेल. दुसरा एक शिपाई शपथेवर सांगायचा की तो रेल्वेच्या कुठल्याशा डब्याचा नंबर आहे. आनंदरावांना खरं माहीत होतं. गेल्या साली मध्यप्रांत फुटला तेव्हा नागपूरकडचे बरेच जण परत गेले, ते इकडेच राहिले. वीस वर्षांची नोकरी झाली होती. पण वीस वर्षांत त्या आकड्याबद्दल त्यांनी कधी दोन मिनिटं विचार केला नव्हता.

अडतीस जण ट्रकमध्ये चढवले. गाडी सुटली तशी फळीला धरून उभी असलेली एक बाई ओरडली, "हवालदारजी, गाडी कोठी चालली?"

भाषा ऐकून आनंदरावांनी मान वळवली. ही तर भंडाऱ्याकडची. "दुर्गला. कोर्टात."

"आज नाही जमत जी! आज ओतनं चालू आहे!"

शिपाई हसले, आनंदरावही. बाई हसली नाही. तिचं नाव ठकूबाई. वय तीस-बत्तीस, डोळे जागे, आवाज खणखणीत. "हसून कावून राहिले? मोठ्या भट्टीचा पाया ओतून राहिले तिकडे. काल संध्याकाळी लागलं, उद्या दुपारपर्यंत थांबाचं नाही. आमची पाळी सात वाजता. माहा नवरा नत्थू रातपाळीले आहे, आमी गेलो का तो सुटन. आमी नाही गेलो तं कोन जाईन?"

"दुसरी माणसं घेतील."

"कोठून घेतीन? ट्रकात तं तुमी भरली!"

आनंदरावांचं हसू थोडं ओसरलं. "बिल्ला दाखव. कामाचा पितळी बिल्ला असतो ना?"

"तो बाबुलाल मुकादम ठेवते. सकाळी देते, संध्याकाळी काढून घेते."

"कागद?"

"कागद आमाले कोन देते जी?"

"मग मी कसं मानू? चोरही हेच सांगतो."

ट्रक दगडांवरून उडत होता. ठकूबाईने इकडेतिकडे पाहिलं. मग एका हाताने फळी धरली, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर मागे ओढला आणि परक्या पुरुषासमोर मान खाली वाकवली. टाळूवर रुपयाएवढी जागा गुळगुळीत होती. केस घमेल्याने घासून गेले होते, कातडी घट्ट आणि चकचकीत झाली होती.

"हे पाहा," ती खालमानेनेच म्हणाली. "रमा, दाखव वं. दाखवा सगळ्या जनी."

एकेक पदर मागे गेला. हलत्या ट्रकमध्ये सतरा बायकांनी माना वाकवल्या. शिपाई एकमेकांकडे बघेनात.

"आनं तुमी एकशे नऊ, एकशे नऊ करून राहिले," ठकूबाईने पदर सावरला, "आमी तं अडतीस आहो. बाकीचे कोठी गेले?"

आनंदरावांना उत्तर द्यावं लागलं. "तो मोजणीचा आकडा नाही बाई. कायद्याचं कलम आहे. एकशे नववं. ज्याच्या पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि ज्याला आपला ठावठिकाणा नीट सांगता येत नाही, त्याला त्या कलमाखाली धरतात. म्हणून आमच्यात तसं म्हणायची पद्धत पडली."

"साधन दिसत नाही?" ठकूबाईचा आवाज चढला. "कोनाले दिसत नाही जी?"

तेवढ्यात ट्रक करकचून थांबला. दुर्गच्या अलीकडचं रेल्वे फाटक बंद होतं. समोरून मालगाडी निघाली होती, उघड्या डब्यांवर ताडपत्रीखाली बांधलेली अजस्र यंत्रं भिलाईकडे चाललेली. ठकूबाई एकेका डब्याकडे बोट दाखवत ओरडत होती, "हे पाहा! हे सगळं त्या पायावर बसाचं आहे! आधीचा थर वाळाच्या आत पुढचा पडला पाहिजे, नाही तं मधात जोड राह्यते. जोड राह्यला का चीर पडते. रशियन साहेब म्हनत होता, चीर पडली तं पूर्न पाया फोडा लागन. तीन महिने आमी तो गड्डा खोदला जी!"

आनंदरावांनी खिशातलं घड्याळ काढलं. सात वाजून दहा मिनिटं. फाटक उघडलं. पलीकडे दुर्ग, कोर्ट, सही, शिक्का आणि सुट्टी. ड्रायव्हरने गिअर टाकला.

"थांब," आनंदराव म्हणाले. "गाडी वळव."

"साहब," सुखराम घाबरून पुटपुटला, "ठाणेदार साहब छोड़ेंगे नहीं."

"नाही सोडलं तर नाही. वळव म्हणतो ना! आणि भोंगा दाबून ठेव!"

ट्रक फिरला आणि मागून एकच आरोळी उठली. बैलगाड्या बाजूला झाल्या, कोंबड्या उडाल्या, रस्त्यावरची माणसं तोंड वासून पाहत राहिली. अर्ध्या वाटेत समोरून धूळ उडवत एक जीप आली. तीत एक तरुण इंजिनिअर उभाच होता आणि शेजारी बाबुलाल मुकादम दोन्ही हात हलवत होता. पोलिसांनी माणसं नेल्याचं मुकादमाला पाइपांपाशी कुणीतरी सांगितलं होतं. "ये मेरे आदमी हैं!" इंजिनिअर ओरडला. आनंदराव त्याहून मोठ्याने ओरडले, "मालूम है! रास्ता छोड़ो!" जीपच वळून पुढे धावू लागली.

खड्ड्याच्या काठावर रातपाळीची रांग अजून चालत होती. चालत म्हणजे काय, पाय ओढत होती. तेरा तास झाले होते. काहीजण मिक्सरशेजारीच आडवे झाले होते. नत्थू डोक्यावर घमेलं घेऊन पुढे येत होता, पण त्याची नजर कुठेच नव्हती. ठकूबाईने ट्रक थांबण्याआधीच उडी मारली, धावत जाऊन ते घमेलं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि त्याला कोपराने बाजूला ढकललं. "जा. झोप."

"कोठी होती?" त्याने विचारलं.

"फिराले गेली होती. मोटरनं."

खाली पायाच्या पृष्ठभागावर रशियन इंजिनिअर गुडघ्यावर बसला होता. हातात लोखंडी सळई होती. त्याने ती रात्रीच्या काँक्रीटवर टेकवली आणि दाबली. सगळे काठावरून वाकून पाहू लागले. सळई अडली. त्याने अंगाचा भार टाकला. ती हळूच, मग एकदम आत शिरली, वीतभर. त्याने वर पाहून हात उंचावला आणि त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. अर्थ कुणाला सांगावा लागला नाही: थर अजून वाळला नव्हता. सगळा काठ गरजला.

पण वेळ गेला होता आणि तो भरून काढायचा होता. रांग लांबवायला माणसं कमी पडत होती. आनंदरावांनी सुखरामकडे पाहिलं. सुखरामने लाठी ट्रकच्या चाकाला टेकवली, पगडी काढून ठेवली आणि रांगेत उभा राहिला. मग दुसरा शिपाई, तिसरा, शेवटी आनंदराव स्वतः. पट्टा काढून, बाह्या दुमडून. घमेलं हातातून हातात जाऊ लागलं. "हवालदारजी, जरा चलदी!" ठकूबाई ओरडली आणि त्या रांगेत पहिल्यांदा हसू फुटलं. संध्याकाळी आनंदरावांचे तळहात सोलले होते, खाकी सदरा राखाडी झाला होता आणि ते इतके खुशीत होते की जेवायचंही विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा थर पडला. जोड कुठेच नव्हता.

चौकीच्या रोजनामच्यात आनंदरावांनी स्वतःच्या अक्षरात नोंद केली: "कलम १०९ खाली ताब्यात घेतलेले अडतीस इसम सोडून दिले. त्यांचे उदरनिर्वाहाचे साधन मी प्रत्यक्ष पाहिले."

ठाणेदारांनी ती दोनदा वाचली. "तुम पुलिस में हो कि ठेकेदारी में?" असं विचारून टेबलावर हात आपटला. खुलासा मागवला गेला. आनंदरावांनी तीच दोन वाक्यं पुन्हा लिहून दिली. महिन्याभराने त्यांची बदली जंगलाकडच्या एका ठाण्यात झाली. तार मात्र भांडाराच्याच मागच्या खोलीत सापडली, चुकीच्या कप्प्यात.

इंजिनिअरने भांडून त्या टोळीसाठी पत्र्याच्या चाळीत जागा मिळवली. तोवर 'एकशे नऊ' हा शब्द चौकीबाहेर पडला होता. मुकादम आपसांत म्हणू लागले, "अवघड काम आहे, एकशे नऊची गँग पाठव." गावाकडून नवीन आलेली माणसं बाबुलालला विनवायची, आमाले एकशे नऊमधी घ्या. ती गोष्ट ऐकून सुखराम चौकीत इतका हसला की त्याला ठसका लागला.

बदलीच्या सकाळी आनंदराव ट्रंक घेऊन स्टेशनकडे निघाले तेव्हा वाट चाळीवरून जात होती. ठकूबाईला खोली कालच मिळाली होती. ती दारात उभी होती. दार लावायची, आत जाऊन कडी घालायची, कडी काढून पुन्हा बाहेर यायची. शेजारची रमा कंटाळून म्हणाली, "काय करून राहिली वं केव्हापासून?"

"पाहून राहिली," ठकूबाई म्हणाली आणि परत आत गेली. कडी वाजली.