नातेवाइकांपर्यंत पोचणारी सीट

गाडी आली तेव्हा आधी बॉनेट आलं. मग बराच वेळ नुसतं बॉनेटच येत राहिलं, म्हणून मामी चहा ठेवायला आत गेली. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मागचा दरवाजा शटरखालून आत सरकत होता.

मामाचं वर्कशॉप तसं लहान नाही. पण ही गाडी आत उभी राहिल्यावर वर्कशॉपच गाडीवर घातलेल्या कव्हरासारखं दिसायला लागलं. शिलाई मशीन भिंतीला चिकटलं, फोमचे गठ्ठे माळ्यावर गेले आणि मी दारात आलो. मी मामाचा भाचा. मामा चामडं कापतो, मामी शिवते आणि मी कॉम्प्युटरवर डिझाइन काढून रंग सुचवतो, जे दोघंही ऐकत नाहीत. कंपनीतून गाडी येते ती कुणाचीही असू शकते. ती एकाच माणसाची वाटेल अशी आतून सजवून देणं हा आमचा धंदा.

हा एक माणूस म्हणजे बादलीसाहेब. नाव आम्ही ठेवलेलं नाही. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "मी बादलीवाला बोलतोय." प्लास्टिकच्या बादल्या बनवतात. पूर्वी एका खटारा व्हॅनमधून दुकानोदुकानी फिरून विकायचे, आता ट्रक भरून जातात. गाडी मात्र अजून स्वतःच चालवतात. ड्रायव्हर ठेवला होता, पण साहेब मागे बसून इतक्या सूचना द्यायचे की तो एक दिवस गाडी थांबवून मागे येऊन बसला.

त्यांच्या मागण्या सरळ होत्या. बाहेरचा रंग त्यांच्या कारखान्यातल्या पहिल्या बादलीचा हवा. नमुना म्हणून त्यांनी ती बादलीच आणून दिली. उन्हात विटलेली, निळी, एका बाजूला पोचा आलेली. "नवी असतानाचा निळा द्यायचा की आत्ताचा?" मी विचारलं. साहेब विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, "मधला." मामाने बादलीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि ती खिडकीपाशी ठेवली.

या गाडीच्या दारात छत्री ठेवायची खोबण असते, तिथे त्यांना पाण्याचा मग बसवून हवा होता. हिचं चाक फिरलं तरी त्याच्या मधलं कंपनीचं चिन्ह उभंच राहतं, तिथे बादलीचं चित्र हवं होतं, म्हणजे ती कधी सांडणार नाही. छताला बारीक दिव्यांचे तारे लावायचे होते. सप्तर्षींचा आकार बादलीच्या आधीच अर्ध्या वाटेवर आहे. मी एक तारा खाली ओढला आणि बादली पूर्ण केली. साहेब मान वर करून बघत राहिले. म्हणाले, "वरच्यालाही आधी जमलं नव्हतं."

पण हे सगळं वरवरचं. मुद्दा वेगळाच होता, आणि तो त्यांनी चहा संपल्यावर सांगितला.

"दर रविवारी माझी आई तिच्या बहिणीकडे जाते. बसने. मी एवढी धूड गाडी घेतली आणि माझी आई बसस्टॉपवर उभी. मी गाडी घेऊन समोर जातो, काच खाली करतो. ती हात करते. मीही हात करतो. बस येते, ती जाते."

"मग बसत का नाहीत?" मामीने विचारलं.

"म्हणते, 'छान आहे गाडी, तू जा.'" साहेबांनी कप खाली ठेवला. "मामा, ती एकदा माझ्या शेजारी बसून मावशीकडे आली पाहिजे. मग तारेबिरे पडले तरी चालतील."

मामाने मान हलवली. हे त्याच्या हातातलं काम होतं.

सीटच्या बाबतीत मामाची एक रीत आहे. आधी प्लायवूडचा सांगाडा, त्यावर कच्चा फोम, आणि त्यावर ज्याच्यासाठी सीट आहे त्याला बसवायचं. माणूस बसला की आधी सीटबद्दल बोलतो. मऊ आहे, टणक आहे, पाठीला लागतंय. सीट जमली की ती तो विसरतो आणि नातेवाइकांबद्दल तक्रार करायला लागतो. तिथे मामा खडू उचलतो. त्याआधी चामड्याला कात्री लागत नाही. "माणूस नातेवाइकांपर्यंत पोचला," मामा सांगतो, "म्हणजे कंबर सुखात आहे."

पण साहेबांच्या आई, ज्यांना आम्ही पुढे आजी म्हणायला लागलो, मापाला यायला तयार नव्हत्या. "मी काय ब्लाउज शिवायला टाकलाय?" असा त्यांचा निरोप आला. साहेबांनी हवेत हात धरून उंची दाखवली. साधारण मामीएवढी निघाली. म्हणून मामीला बसवलं.

मामी बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "तुमच्या बहिणीने मला एक दिवस तरी चहा विचारलाय का?"

"जमली," मामा म्हणाला आणि खडू उचलला.

मामाची बहीण म्हणजे माझी आई. मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

सीट अशी झाली की शोरूमने तोंडात बोट घालावं. आत मसाज करणाऱ्या मोटारी, मान टेकायला उशी, मामीच्या हातची दुहेरी शिवण. गाडी दाखवायच्या दिवशी आजी आल्या त्या बसने. साहेब मोठी गाडी आमच्याकडे असल्यामुळे लहान गाडीतून, बसच्या मागे मागे.

आजींनी दार उघडलं तशी खालून पायरी आपोआप बाहेर सरकली. आजी दोन पावलं मागे झाल्या. "ही कुठे निघाली?"

"तुमच्यासाठीच आली, आजी," मी म्हणालो.

"मी बोलावली नव्हती."

साहेबांनी एक हात धरला, मी दुसरा, मामी मागे. आजी वर पोचल्या आणि सीटमध्ये बसल्या. म्हणजे सीटमध्ये गेल्या. बाहेरून फक्त चष्मा दिसत होता. आम्ही सगळे कान टवकारून उभे राहिलो.

"मऊ आहे," आजी म्हणाल्या.

मामा थांबला.

"चामडं भारी दिसतंय."

मामाने खडू खिशात टाकला. साहेबांना राहवलं नाही. "आई, मावशी कशी आहे गं?"

"बरी आहे की. गुणाची आहे."

मामाचा चेहरा उतरला. सख्ख्या बहिणीबद्दल माणूस इतकं चांगलं बोलतो, म्हणजे सीट पार फसलेली.

"छान केलंय हो सगळं," आजी म्हणाल्या. "आता मला उतरवा." साहेबांनी हात दिला. त्यांचा चेहरा बसस्टॉपवर काच वर करताना होत असेल तसाच होता. मामी चहाला आत वळली.

मामा मला बाजूला घेऊन गेला. "भाचेबुवा, चूक कुठे झाली? मामी तर लगेच बोलली होती."

"मामा, मामी सायकलच्या कॅरिअरवर बसली तरी लगेच बोलते."

मामाने कपाळाला हात लावला. "हे तेव्हा का नाही बोललास?"

"विषय माझ्या आईचा होता. म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा."

"मी खिळ्यांवर बसले तरी बोलेन," मामीने आतून सांगितलं. "खरं ते खरं."

अख्ख्या जगात एकच माणूस मापाला बसवायचा नव्हता, आणि आम्ही नेमका तोच घरातून शोधून आणला होता. एका इमारतीएवढी गाडी मामीच्या मापाची होऊन उभी होती. मामीच्याही नव्हती, कारण मामीला माप लागतच नाही.

तोवर आजी बसायला जागा शोधत होत्या. सगळ्या खुर्च्यांवर चामड्याचे तुकडे पसरलेले. त्यांनी खिडकीपाशी जाऊन निळी बादली उचलली, उलटी केली आणि तिच्यावर बसल्या. 'हात लावू नये' खालच्या अंगाला लोंबत राहिलं. पाय जमिनीवर टेकले, पाठ सरळ झाली. मामीने त्यांच्या हातात चहा दिला.

आजींनी एक घोट घेतला. "आमची बहीण असा चहा कधी करेल तर शपथ," त्या म्हणाल्या. "दूध घालताना हात असा आखडतो तिचा, जसं काही गाय तिच्या माहेरची."

मामीने नकळत मशीनखालचा मोडा ओढला आणि समोर बसली. "आणि वर विचारत असतील, कसा झालाय?"

"तेच तर. आणि आपण म्हणायचं, छान झालाय."

"टेप," मामा माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी टेप दिला. मामा पूजेला बसल्यासारखा खाली बसला आणि आजींच्या नकळत बादलीची उंची, गुडघ्याचा कोन, पाठीची रेघ मापत गेला. आजी तोवर बहिणीच्या पडद्यांवर आल्या होत्या.

साहेब गाडीला टेकून उभे होते. हळूच म्हणाले, "व्हॅनमधली शेजारची सीट मी काढून टाकली होती. मालाला जागा व्हावी म्हणून. आई उलट्या बादलीवर बसायची माझ्या बाजूला. रोज."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मामा टेप गुंडाळत म्हणाला. "साहेब, हे आधी सांगायचं ना."

"मला वाटलं, तिला ते दिवस आठवायला आवडणार नाही."

आजींना ऐकू गेलं. "न आवडायला काय झालं? बादलीवर बसलं की रस्ता दिसायचा. पाय कुठे आहेत ते कळायचं. तुझ्या त्या गादीत मला माझेच पाय सापडेनात." मग मामीकडे वळून, "तर पडदे. पडदे कसले, पोतीच ती."

सीट पुन्हा केली. फोम टणक, बैठक लहान आणि गोल, पाठ सरळ, पायांखालची जमीन वर उचललेली, समोर धरायला एक दांडी, वर व्यवस्थित पट्टा. पायरीचं आपोआप येणं बंद केलं. आता ती आजींनी बटण दाबल्याशिवाय हलत नाही. मी शिवणीला विटका निळा धागा सुचवला. मामीने तोच घेतला, पण आधी स्वतःला सुचल्यासारखा चेहरा करून. मोटारींवाली जुनी सीट तिने मशीनपुढे लावून घेतली आहे. शिवताना तिला मसाज होतो आणि माझ्या आईबद्दल ती थरथरत्या आवाजात बोलते.

या वेळी मापाला आजी स्वतः आल्या. कच्च्या सांगाड्यावर बसल्या आणि बहिणीवर आल्या. मामाने खडू उचलला नाही. एकदा पोळलेला माणूस. आजी बहिणीवरून तिच्या नवऱ्यावर गेल्या, तिथून तिच्या सुनेवर. सुनेच्या माहेरापर्यंत पोचल्या तेव्हा कुठे मामाने रेघ ओढली.

रविवारी आम्ही तिघं वर्कशॉप बंद करून आतच बसलो होतो. काम नव्हतं, पण फोन तिथेच येणार होता. आला.

"बसली," साहेब स्पीकरवर म्हणाले. "स्टॉपवर हात करायला वर केला होता, तो तसाच माझ्या हातात दिला आणि बसली."

"बोलतायत?" मामाने विचारलं.

"मावशीच्या दारापर्यंत मावशीबद्दलच बोलली. मला वाटेत एक शब्द बोलू दिला नाही." असं सुखाने सांगणारा माणूस मी आधी ऐकला नव्हता. "आता परत निघालोय, पंपावर खाली उतरून बोलतोय. मावशीला पण घेतलंय, मागे बसलीय. तारे मोजतेय."

मामाला काळजी वाटली. "मग आता आजी गप्प?"

"गप्प कसली. मावशीसमोर मावशीबद्दल कसं बोलणार? तुमच्याबद्दल सांगतेय तिला. मामा हट्टी आहे, भाचा नुसता दारात उभा असतो, मामीला एकदा सुरू झाल्यावर थांबता येत नाही."

मामाने फोन ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "आपण नातेवाईक झालो."

"माझ्याबद्दल म्हणाल्या थांबता येत नाही?" मामी म्हणाली. तिने मोटारी सुरू केल्या आणि मान मागे टेकली. "तुमच्या बहिणीचं ऐकलं नसेल त्यांनी अजून."