पाणी काढण्याचे कारण

पावसाळ्यात स्विमिंग पूल रिकामा करायचा नाही. हे एक वाक्य मी बंगल्याच्या मालकाला, बळवंतरावांना, दोन वर्षांत किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नाही. तोंडाने सांगितलं, व्हॉट्सॲपवर पाठवलं, शेवटी पंपाच्या खोलीच्या दारावर लाल ऑइलपेंटने लिहून ठेवलं: जून ते दिवाळी पाणी काढू नये. चिंचणीची जमीन रेताड. आषाढ लागला की वाडीतल्या विहिरीचं पाणी वाकून तांब्या बुडवावा इतकं वर येतं. तेच पाणी पुलाच्या तळाखालीही असतं. पूल भरलेला आहे तोवर आतलं वजन त्याला दाबून धरतं. आतलं पाणी काढलंत की खालचं पाणी अख्खी टाकी होडीसारखी उचलतं. यात न कळण्यासारखं काय आहे? पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकाठी राहिलेल्या माणसाला होडी का तरंगते हे मी शिकवायचं?

मंगळवारी सकाळी सातला त्यांचा फोन आला. "मॅडम, जरा येऊन जा. पूल वर आलाय."

बोईसरहून चिंचणीपर्यंत स्कूटरवर, भर पावसात, मी रेनकोटच्या टोपीत शिव्या घालत गेले. त्या सगळ्या इथे लिहीत नाही.

पूल खरंच वर आला होता. खोल बाजूची कड जमिनीतून हातभर उचलली गेली होती. भोवतीच्या फरश्या उखडून एकमेकींवर चढल्या होत्या, पाइप मधोमध तुटला होता आणि तळाला गेलेल्या भेगेतून गढूळ पाणी बुडबुडत होतं. उथळ कोपऱ्यातली गरम पाण्याची छोटी टाकी तर मुख्य पुलापासून सुटून एका अंगावर कलली होती.

ती टाकी बळवंतरावांच्या आईंसाठी, दमयंतीआजींच्या गुडघ्यांसाठी बांधली होती. दर शनिवारी मी तिच्यात गळ्यापर्यंत उतरायचे, टाइल्स घासायचे, पाण्याचे फवारे जिथून येतात ती भोकं बोटांनी साफ करायचे, मग हीटर लावायचे. पाणी कोमट झालं की आजी कठडा धरून सावकाश उतरायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. "पोरी, तुझ्या हाताला गुण हाय," म्हणायच्या. मला ते आवडायचं. आज त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

कारण मी विक्रमगडकडची वारली आदिवासी. आश्रमशाळेत शिकले, पालघरला बी.एस्सी. केलं, तारापूरच्या एका कारखान्यात सहा वर्षं सांडपाणी तपासलं आणि मग पुलांच्या देखभालीचं स्वतःचं काम सुरू केलं. सासरचं आडनाव पाटील. या पट्ट्यात पाटील कुणीही असू शकतो. आजींनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं, ते ऐकून त्यांचं समाधान झालं आणि मी पुढे काही बोलले नाही. कामाच्या ठिकाणी कशाला तो विषय, असं मी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर घाबरले.

"पाणी कोणी काढलं?" मी विचारलं.

"हिरवं झालं होतं हो," बळवंतराव म्हणाले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद होता.

"शनिवारी मी तपासलंय. तळाची एकेक टाइल मोजता येत होती. दोन दिवसांत हिरवं?"

त्यांनी कागद पुढे केला. पूल बांधणाऱ्या कंपनीचा गॅरंटीचा फॉर्म. पावसाळ्यात मालकाने पाणी काढलं तर कंपनी जबाबदार नाही. देखभाल करणाऱ्याने लेखी सल्ला दिला असेल तरच दुरुस्ती करून मिळेल. खाली दोन रकाने. पाणी काढण्याचे कारण. सल्ला देणाऱ्याचे नाव व सही.

"पाणी खराब झालं म्हणून तुम्हीच काढायला सांगितलं, एवढं लिहा. कंपनी नवा बांधून देईल. तुमचं काय जातंय?"

"माझं नाव जातंय, बळवंतराव. भर आषाढात पूल उपसायला सांगणाऱ्या बाईला उद्या कोण आपल्या पुलाला हात लावू देईल?"

"विचार करा. घाई नाही," ते म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले.

मी विचार करायला नाही, पंप बघायला मागे गेले. चिकूच्या झाडांखाली तानीमावशी डोक्यावरून प्लास्टिक ओढून पाला गोळा करत होती. ही आमच्यातलीच, वारली; या वाडीत वीस वर्षं राबतेय. एरवी मला बघितलं की हसून हात करते. आज तिने मान खाली घातली.

"बाय," ती हळूच म्हणाली, "पानी लय खराब झाला का?"

"कशाने खराब होईल?"

"माझ्यानं." तिने खराटा खाली ठेवला. "काल कुशल पान्यात पडला. शेटचा नातू. कोनी नवता तिथं. पोर गटांगळ्या खात होता. मी इथून धावत गेली नि तशीच उडी टाकली. आमी नदीवरची मानसं, पान्याचा भ्या नाय. काढला पोराला, पालथा केला, रडला तवा जीवात जीव आला." तिने तोंडावरचं पावसाचं पाणी पुसलं. "पन चिखलातून गेलेली ना मी. पाय धुवाय येळ नाय गावला. आजी बोलल्या, आता सगला पानी काढावा लागंल. तवाच शेटनी इंजिन लावला. माझ्यापायी एवडा मोटा मोडला, बाय. मी पाय धुवून उतराय पायजे होता."

मी तिच्या पायांकडे बघत राहिले. भेगाळलेले, चिखलाने माखलेले पाय. पाच वर्षांचं पोर बुडत असताना ही बाई धावली, आणि तिला वाटतंय की चूक पाय न धुण्याची झाली. मला इतका राग आला की हातातला पाना विहिरीत भिरकावून द्यावासा वाटला. त्यांचा राग आला, तिच्या भाबडेपणाचा आला, आणि दोन वर्षं पाटील म्हणून गुपचूप वावरलेल्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला.

"पाय धुतले नाहीस ते बरं केलंस, मावशी," मी म्हटलं. "पाय धुवत बसली असतीस तर आज या घरात रडारड असती. तुझ्या पायांनी काहीही मोडलेलं नाही. ऐकलंस? काहीही नाही."

तिला ते पटलेलं दिसलं नाही.

मी ओटीवर गेले. आजी झोपाळ्यावर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी गुडघे चोळत. पावसाळी हवा, दुखत असणार.

"आजी, पुलातलं पाणी का काढलं?"

बळवंतराव गडबडीने उठले, पण आजींना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "अगो, विहिरीत नको ता पडला तर विहीर उपसतात का नाय? माझ्या सासूनं दोन येला उपसून घेतलेली. मंग ह्याला का नाय? आपल्यात असाच हाय, पोरी."

आपल्यात. हा शब्द मला थोबाडीत बसल्यासारखा लागला.

"नको ते म्हणजे काय पडलं होतं?"

"आता ता काय तोंडानं बोलायचा? तानीला मी नवी साडी दिली हाय. पोराचा जीव वाचवला, ता मी कुठं नाय म्हनते?"

"आणि कुशल? तो तर तिच्या छातीशी होता. तिने त्याच्या तोंडात बोट घालून पाणी काढलं असेल. त्याचं काय केलंत?"

"त्याला आंगोल घातली," आजी शांतपणे म्हणाल्या. "गोमूत्र टाकून."

कुठेतरी आत कार्टून लागलं होतं आणि कुशलच्या हसण्याचा आवाज येत होता. जिवंत पोराचा आवाज.

"मॅडम, आई जुन्या वळणाची आहे," बळवंतराव आवाज खाली आणून म्हणाले. "मी नको म्हणत होतो. पण घरात कटकट कशाला?"

"पंप आईंनी चालू केला?"

त्यांनी झोपाळ्याकडे बघितलं.

"दार उघडताना लाल अक्षरं दिसली असतील ना? ती वाचून तुम्ही बटण दाबलंत. जुनं वळण आईंचं, बोट तुमचं."

आता त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, या रस्त्यावरच्या सहा बंगल्यांचे पूल तुमच्याकडे आहेत ते माझ्या शब्दावर. सही करा, विषय संपवा. नाहीतर उद्यापासून सहाही गेले समजा."

सहा पूल म्हणजे माझं निम्मं काम. ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी पेन मागितलं. त्यांनी लगेच दिलं, वर बसायला खुर्चीही ओढली. मी उभ्यानेच, ओटीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिलं आणि तो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. परत वाचला. चेहरा उतरला.

"काय लिवला रं तिनं?" आजींनी विचारलं.

त्यांच्याने वाचवेना, म्हणून मीच तोंडपाठ सांगितलं. "पाणी काढण्याचे कारण: नातू बुडत होता. वाडीत काम करणाऱ्या तानीबाईंनी उडी मारून त्याला वाचवला. त्या वारली आहेत, म्हणून घरच्यांनी पाणी काढले. मी असा सल्ला दिलेला नाही. खाली माझी सही. आणि सहीखाली आणखी एक ओळ आहे, आजी, ती तुमच्यासाठी. मेघाली पाटील, वारली. दर शनिवारी याच पाण्यात उतरते."

झोपाळा थांबला.

"तुमच्या गुडघ्यांच्या टाकीत तुमच्या आधी मी उतरायचे. गळ्यापर्यंत. दोन वर्षं. माझ्यामागून तुम्ही. पूल उपसलात, कुशलला आंघोळ घातलीत. आता या दोन वर्षांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

 आजी इतका वेळ गुडघे चोळत होत्या. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलले, आणि ते कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.