अर्ध्या सेकंदाची सूट

अंगठ्याच्या पेराएवढा टॉर्च, त्याला एकच बटण, आणि त्या एका बटणावर मालकांना सात मोड हवे होते. मंद, मध्यम, प्रखर, अतिप्रखर, दोन तऱ्हेची उघडझाप आणि सातवी संकटात मदत मागायची खूण. किल्लीला लटकवायच्या वस्तूने भर समुद्रातल्या जहाजाला हाक कशाला मारायची, असं धाकटीने एकदा विचारून पाहिलं. समोरच्या कंपनीच्या डब्यावर पाच लिहिलंय, एवढंच उत्तर मिळालं. मालकांपुढे डोकं आपटून टेंगूळ आपल्यालाच येतं, हे ती जाणून होती. तिने सात बसवले.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. कारखान्यात बटण कसं दाबलं की काय व्हावं, हे ठरवणं तिच्याकडे होतं. एकदा दाबलं की मध्यम, पटकन दोनदा दाबलं की अतिप्रखर, तीनदा दाबलं की उघडझाप, धरून ठेवलं की बंद. बटण तिचं, ते दाबून बघणारा अंगठाही तिचाच. मग काय, सगळं लोण्यासारखं चालायचं.

पहिले दहा नमुने तयार झाले आणि त्यातला एक तिने सरळ बाबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. त्याला कारण होतं. बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. दारापुढच्या बोळाला खिडकी नव्हती आणि दिव्याचं म्हणाल तर तो दुरुस्त करायचा कुणी, यावर तीन बिऱ्हाडांचं एकमत होत नव्हतं. भर दुपारी तिथे चाचपडावं लागे. महिन्यापूर्वी दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, न सांगता आला तर दार नुसतं लोटलेलं आणि बाबा पेपर आणायला गेलेले. विसरलो, म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दादा माणूस मायेचा, पण त्याच्या मायेला धीर नाही. त्याने जाहीर करून टाकलं की कुलूप जमत नसेल तर बाबांनी एक तारखेपासून त्याच्याकडे राहायचं. खोलीत नवा पलंगसुद्धा टाकला. बाबांनी फक्त एक रविवार मागून घेतला. त्या दिवशी तुझ्यासमोर कुलूप उघडून दाखवतो, म्हणाले.

हे बोलतानाही त्यांचा उजवा हात खिशात होता. गेली दोन वर्षं तो खिशातच असे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हात थरथरायला लागला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ठाऊक नसल्यासारखं वागत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची हिंमत धाकटीतही नव्हती.

आठ दिवसांनी तिने टॉर्च कसा वाटला म्हणून विचारलं. बाबा छान आहे म्हणाले. लहानपणी तिने करपवलेल्या प्रत्येक पदार्थालाही ते असंच छान म्हणायचे, त्यामुळे तिला शंका आली. तिने जुडगा हातात घेतला. टॉर्चच्या काचेवर जखमेला लावायची चिकटपट्टी होती, गोल कापून चिकटवलेली. पण त्या गोलाच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू बसवणाऱ्या माणसाने कापलेला गोल होता तो.

“उजेड फार होतो गं,” बाबा म्हणाले. “कुलपाच्या पितळेवरून सगळा डोळ्यांत येतो. मला भोक दिसण्यापुरता पुरे.”

सेल बदलून आणते, असं सांगून तिने टॉर्च बरोबर नेला. नमुन्यांच्या आत बटण कधी आणि किती वेळा दाबलं याची नोंद राहते; पुढे दुरुस्त्या करायला ती उपयोगी पडते. कारखान्यात तिने टॉर्च संगणकाला जोडला. मंगळवार, सकाळी अकरा दहा. एकदा दाबलं. पाव सेकंदाने पुन्हा, म्हणजे अतिप्रखर. पुन्हा, पुन्हा, म्हणजे उघडझाप. मग धरून बंद, आणि परत पहिल्यापासून. सतरा मिनिटांत एक्केचाळीस वेळा. बुधवारी अडतीस वेळा. चिकटपट्टी त्याच दिवशीची असावी. गुरुवारपासून पुढे कोरं. कोरं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाबा पुन्हा दार लोटून बाहेर जायला लागले होते.

आपल्याच दारापुढे, आपल्याच लेकीने केलेल्या दिव्याने डोळे दिपवून घेत हा माणूस सतरा मिनिटं उभा राहिला होता. धाकटीला तिथेच खुर्चीत रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या सोल्डरिंगवाल्याने काही न विचारता पंखा तिच्याकडे वळवला.

डोळे पुसता पुसता तिला स्वतःचाच राग आला. कुठल्याही बटणाच्या आत एक पातळ पत्रा असतो. बोट एकदाच दाबतं, पण तो पत्रा थरथरतो आणि दहादा टेकतो. म्हणून पहिली वीस मिलिसेकंद बटण काय म्हणतं ते ऐकायचंच नाही, असं आत लिहून ठेवतात. या धंद्यातल्या नवख्यालाही हे येतं. पत्र्याची थरथर तिने पहिल्याच दिवशी माफ केली होती. माणसाच्या हाताला थरथर असू शकते, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि तेही ज्या घरात तो हात तिला भरवत आला त्या घरात वाढून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दोन दिवस बसून तिने सगळं पुसून नव्याने लिहिलं. पहिल्या दाबाला सगळ्यात मंद उजेड. त्यानंतर अर्धं सेकंद बटण बहिरं. कितीही वेळा दाबा, ते मनावर घेणार नाही. मग केव्हाही दाबलं की बंद. धरून ठेवलं तर उजेड सावकाश वाढेल, सोडाल तिथे थांबेल. विसरलात तर तीन मिनिटांनी आपला आपण मालवेल.

आणि माझे सात कुठे गेले, म्हणून मालक टेबलापाशी आले. तिने त्यांना बटण दहा सेकंद धरून ठेवायला सांगितलं. मालकांनी मोठ्याने दहा आकडे मोजले, तेव्हा त्यांचे सातही मोड ओळीने हजर झाले. डब्यावर खुशाल सात लिहा, ती म्हणाली, ज्यांना हवेत ते दहा सेकंद धरतील. मालक खूश होऊन गेले.

रविवारी सकाळी तिघं बोळात उभे होते. बाबांनी उजवा हात खिशातून काढला. दादाने मान वळवली. अंगठा बटणावर दोनदा, तीनदा आपटला, पण टॉर्च एकदाच लागला आणि लागलेलाच राहिला. मऊ, पिवळसर, कुलपापुरता उजेड. बाबांनी तो जुडग्यातून सोडवून ओठांत धरला, पूर्वी दुकानात बारीक चिमटा धरायचे तसा. मग डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि किल्ली भोकाकडे नेली.

किल्ली पितळेवर आपटली. परत आपटली. तिसऱ्यांदा आपटली तेव्हा दादा पुढे झाला, पण धाकटीने त्याची बाही घट्ट धरून ठेवली. चौथ्यांदा किल्ली आत गेली. कुलूप उघडलं.

पलंग असू दे, कधीतरी राहायला या, असं म्हणून दादा चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

बाबांनी टॉर्च ओठांतून काढला. यात काय बदललंस, त्यांनी विचारलं. तिने पत्र्याची गोष्ट सांगितली, अर्ध्या सेकंदाचीही सांगितली. सांगताना तिने त्यांच्या हाताकडे बघायचं टाळलं. बाबांनीच तो हात तिच्यापुढे धरला, थरथरता, तळव्यावर टॉर्च घेऊन.

“अर्धं सेकंद मला पुरतं,” ते म्हणाले. “पण विकायला काढशील तेव्हा पाऊण कर. सगळ्यांचेच हात काही माझ्याइतके धड नसतात.”